साडेनऊ हजारांचे घर, बदलापूर पश्चिम: एका भाडेकराराचे प्रकरण

पार्श्वभूमी

भांडुपमधली चाळ पुनर्विकासाला गेली आणि तिथे भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाला नोव्हेंबर २०२४ अखेर खोली रिकामी करायला सांगण्यात आले. घरात तिघे. नवरा विक्रोळीत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, बायको ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मुलगी साडेपाच वर्षांची. भांडुपला भाडे १४,५०० आणि डिपॉझिट ७५,००० होते. नव्या जागेसाठी त्यांनी महिना १०,००० आणि डिपॉझिट ५०,००० अशी मर्यादा ठरवली. परत मिळणाऱ्या डिपॉझिटमधून उरलेले पैसे पतपेढीच्या हप्त्यांना जाणार होते, म्हणून ही मर्यादा ताणायची सोय नव्हती. नावे आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

जागा शोधताना

दिवा, कल्याण पूर्व, बदलापूर आणि वांगणी अशा चार ठिकाणी चौकशी झाली. दिव्यात भाडे कमी सांगितले गेले, पण दाखवलेल्या दोन्ही इमारतींची बांधकाम परवानगी कोणी दाखवू शकले नाही. कल्याण पूर्वेला वन आरके बारा हजारांच्या खाली मिळेना. वांगणी स्वस्त, पण तिथे कर्जत मार्गावरच्या गाड्यांवरच अवलंबून राहायचे. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, कल्याणपेक्षा १४ किलोमीटर पुढे, पण लोकल तिथूनही सुटतात, म्हणजे सकाळी बसायला मिळण्याची शक्यता. हा मुद्दा भाड्याइतकाच वजनदार ठरला. त्याची दुसरी बाजू अशी की कल्याणच्या पुढे दोनच रुळांवर लोकल आणि मेल-एक्स्प्रेस दोन्ही धावतात. एक मालगाडी अडली की सगळा मार्ग अडतो.

बदलापुरात एजंटने तीन जागा दाखवल्या.

पहिली साडेतीन लाख हेवी डिपॉझिटची, भाडे शून्य. पैसे उसने घेऊनही हा पर्याय मोहात पाडतो, कारण महिन्याचा खर्चच दिसत नाही. पण घरमालकाचे गृहकर्ज चालू होते. हप्ते थकले तर बँक सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाच्या वसुलीचा कायदा) फ्लॅटचा ताबा घेते आणि साडेतीन लाखांसाठी भाडेकरूला बेपत्ता होऊ शकणाऱ्या मालकामागे फिरावे लागते. ही जागा सोडली, ते बरोबर केले.

दुसरी ७,५०० ची, तळमजला, उल्हास नदीच्या बाजूला. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, त्याच पावसात नदीकाठच्या वस्त्यांतही पाणी शिरले होते. खोलीच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर नव्या रंगाचा पट्टा होता आणि त्यावरचा रंग जुना. तळमजल्याच्या जागेत असा पट्टा दिसला की आणखी काही विचारायची गरज नसते.

तिसरी वन बीएचके, चौथा म्हणजे शेवटचा मजला, लिफ्ट नाही, २८ फ्लॅटची इमारत, स्टेशनपासून शेअर रिक्षाने १५ रुपये. भाडे मेंटेनन्ससह ९,५००, डिपॉझिट ४०,०००. ही घेतली.

पहिला निर्णय: कोणत्या कागदावर सही

मालक नाशिकला राहणारे. एजंटने ५०० च्या मुद्रांकावर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार आणला. त्यात भाडे ८,३०० लिहिलेले, उरलेले १,२०० ‘मेंटेनन्स’ म्हणून रोख. डिपॉझिट २५,००० लिहिलेले. तेवढेच यूपीआयने गेले होते, १५,००० रोख दिले होते.

८,३०० हा आकडा सहज आलेला नाही. बाराने गुणले की ९९,६०० होतात. वर्षाचे भाडे एक लाखावर गेले आणि भाडेकरूने घरभाडे भत्त्याची वजावट मागितली, तर त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. त्यामुळे उपनगरांतल्या करारांत ८,३०० पुन्हा पुन्हा भेटतो. या कुटुंबाचा पगार नव्या करप्रणालीत होता, तिथे ही वजावटच नाही. मालकाची भीती इथे निराधार होती, पण त्याला तसे सांगायचे कोणाला सुचले नाही.

एजंटने एका महिन्याचे भाडे दलाली घेतली, वर पोलीस व्हेरिफिकेशनचे १,००० मागितले. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती ऑनलाइन भरता येते. हे हजार त्यांनी दिले नाहीत. नोटरीच्या करारावर मात्र सही केली, कारण भांडुपची खोली चार दिवसांत सोडायची होती.

पहिल्याच वीजबिलात आधीच्या भाडेकरूची २,३४० रुपयांची थकबाकी आली. मालकाला बिलाचा फोटो पाठवून, होकार मेसेजवर घेऊन ती पुढच्या भाड्यातून वळती केली. ग्राहक क्रमांक टाकला की थकबाकी दोन मिनिटांत दिसते. टोकन देण्याआधी ते करायला हवे होते.

अडचण समोर आली ती शाळेमुळे

मुलीला पहिलीत घालायचे होते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी २०२५-२६ चे अर्ज जानेवारीत भरायचे होते. कुटुंब वंचित गटात मोडत असल्याने जातीचा दाखला पुरेसा होता, उत्पन्नाचा लागणार नव्हता. अडले ते निवासाच्या पुराव्यावर. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तोही अर्जाच्या तारखेआधीचा आणि अकरा महिन्यांचा. नोटरीचा कागद चालत नाही.

मालकाला फोन केला तेव्हा उत्तर आले, “कशाला उगाच? बदलापुरात कोण रजिस्टर करतं?” खरे कारण तीन पदरी होते. भाड्याचे उत्पन्न कागदावर येईल, नाशिकहून यायला वेळ नाही, आणि भाडेकरू ‘कायमचा बसेल’ ही भीती.

तीन वाटा होत्या. एक, शेजारच्या ओळखीच्या माणसाच्या नावे खोटा करार करणे. एजंटने हे सुचवलेही. पण पडताळणीत तिथे राहत नसल्याचे दिसले तर प्रवेश रद्द होतो. दोन, यंदाचा अर्ज सोडून देणे. तीन, मालकाला पटवणे.

तिसरी वाट धरली आणि ती चालली, कारण बोलणे मालकाच्या फायद्यावर आणले गेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय ‘कायमचा बसेल’ या भीतीवर उपाय नोंदणीतच आहे. कलम २४ मुळे मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो. नोटरीच्या कागदावर मालकाची बाजू फारच लंगडी. बायकोने हे सगळे फोनवर न सांगता एका मेसेजमध्ये लिहून पाठवले. मालकाने तो आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवला आणि दोन दिवसांनी होकार आला.

नोंदणी कशी झाली

अधिकृत सेवा पुरवठादारामार्फत ऑनलाइन नोंदणी केली. दोन्ही पक्षांना एकाच वेळी एका जागी यावे लागत नाही. मालकाचा अंगठा नाशिकला घेतला गेला, भाडेकरूचा बदलापूरला घरी. दोन ओळखदारांचे आधार लागले. जागेसाठी मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल. वीजबिलावर बिल्डरचेच नाव होते, पण कराची पावती मालकाच्या नावे असल्याने काम अडले नाही.

मुद्रांक शुल्काचा हिशोब सोपा आहे. ९,५०० गुणिले ११ म्हणजे १,०४,५००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरायचे: ४०,००० वर ४,०००, अकरा महिन्यांचे सुमारे ३,६६७. बेरीज १,०८,१६७, त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे २७० रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००, दस्त हाताळणी ३००, पुरवठादाराचे १,२००. एकूण पावणेतीन हजारांच्या आसपास, आणि तो खर्च भाडेकरूने उचलला. एवढ्याशा रकमेसाठी पहिल्या दिवशी नोटरीवर समाधान मानले गेले होते.

या कराराने एक गोष्ट आपोआप दुरुस्त झाली. ४०,००० पूर्ण लिहिले गेले: २५,००० यूपीआयने, व्यवहार क्रमांकासह, आणि १५,००० रोख मिळाल्याची कबुली. भाडे ‘मेंटेनन्ससह ९,५००’. सुरुवात १ जानेवारी २०२५, लॉक-इन (ज्या काळात कोणालाच करार मोडता येत नाही) सहा महिने, नंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि जुना करार रद्द झाल्याची एक ओळ.

अर्ज वेळेत भरला गेला. सोडतीत नाव लागले नाही.

दुसरी अडचण: पाणी

एप्रिलमध्ये इमारतीला एक दिवसाआड पाणी येऊ लागले. सोसायटीने दारावर नोटीस लावली: टँकरसाठी दर फ्लॅट ६५० रुपये.

आकडे मांडले तर हे आधीच दिसले असते. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर. २८ फ्लॅट, सरासरी चार माणसे, म्हणजे दिवसाला १५,१२० लिटर आणि दोन दिवसांचे ३०,०००च्या वर. जमिनीखालची टाकी २०,००० लिटरची. पाणी कितीही जोरात आले तरी एका वेळी तेवढेच मावणार, म्हणजे दर दोन दिवसांना दहा हजारांची तूट, एक टँकर. लोकांनी जपून वापरले म्हणून पंधराऐवजी महिन्याला दहावर भागले. दहा टँकर, प्रत्येकी १,८००, भागिले २८. सोसायटीचा आकडा बरोबर होता.

शेवटच्या मजल्याला आणखी एक त्रास होता. गच्चीवरची टाकी नळापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच, त्यामुळे दाब कमी. गॅस गिझरला पेटायला ठरावीक दाबाचा प्रवाह लागतो. इथे तो पेटतच नव्हता. आधीच्या भाडेकरूने साठवणीचा विजेचा गिझर का बसवला होता आणि वीजबिल का थकवले होते, ते आता कळले.

टँकरचे पैसे कोणी द्यायचे? करारात ‘मेंटेनन्ससह’ एवढेच. भाडेकरूचे म्हणणे, टँकर मेंटेनन्समध्येच आला. मालकाचे म्हणणे, पाणी वापरतो तो देतो. दोन्हींत तथ्य आहे आणि करार गप्प. शेवटी निम्मे-निम्मे ठरले. त्याच बिलात ‘भाडेकरू शुल्क’ म्हणून आणखी ५०० होते. ते नियमात बसत नव्हते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ना-वापर शुल्क (सभासद स्वतः न राहता जागा भाड्याने देतो तेव्हाचे) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, आणि ते सभासदाने भरायचे, भाडेकरूने नाही. इथे सेवाशुल्क ९०० होते, म्हणजे कमाल ९० रुपये. मालकाने सोसायटीला पत्र दिल्यावर पाचशेचे नव्वद झाले. एनओसीविना घर भाड्याने दिल्याचा आक्षेपही सचिवांनी घेतला. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, लीव्ह अँड लायसन्सवर (अशा ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर) जागा द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे आणि कराराची प्रत द्यायची. मालकाने ते केलेले नव्हते, म्हणून इथे सोसायटीचाही थोडा हक्काचा राग होता.

तिसरी अडचण: गळती आणि जागा सोडण्याचा निर्णय

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या छताला ओल आली. गच्चीवरच्या कोब्याला भेगा पडल्या होत्या आणि पावसाचे पाणी जायची जाळी पानांनी भरली होती. पाणी साचून भेगांतून खाली उतरत होते. आतून पुट्टी आणि रंग मारून हे थांबत नाही, तो खर्च पाण्यात जातो. गच्चीची दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी, पण पावसाळ्यात वॉटरप्रूफिंग होत नाही. तात्पुरता उपाय एकच, जाळी साफ ठेवणे आणि गच्चीवर ताडपत्री. सोसायटीने जाळी साफ केली, ताडपत्रीसाठी सभा घेऊ म्हणाली.

बायकोने २२ जूनला छताचे फोटो मालकाला पाठवले, नंतर दर रविवारी एक. त्या वेळी हे तक्रारीसाठी होते. पुढे त्याचा उपयोग वेगळाच झाला.

३० जूनला लॉक-इन संपणार होते. राहायचे की निघायचे हे ठरवताना त्यांनी वहीत खर्च मांडला. भाडे ९,५००, शेअर रिक्षा दोघांची, जाता-येता, २५ दिवस म्हणजे १,५००. दोघेही रात्री साडेआठला पोहोचत असल्याने पाळणाघर २,०००, जे भांडुपला शेजारणीमुळे लागत नव्हते. १३,००० झाले. रेल्वे पासाचा फरक आणि टँकर न धरता बचत १,५०० रुपये, पाच हजार नव्हे.

मुंबईत परतणे तरीही परवडणारे नव्हते. बदलापुरातच, पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटे चालत, दुसऱ्या मजल्यावरची जागा १०,५०० ला मिळत होती. भाडे हजाराने जास्त, रिक्षा शून्य. १ जुलैला लेखी नोटीस दिली.

भावाने एक सल्ला दिला होता: शेवटच्या महिन्यांचे भाडे देऊच नको, डिपॉझिटमधून वळते कर. पुष्कळ जण हेच करतात. पण त्याने करार मोडण्याचा दोष भाडेकरूकडे जातो आणि मालकाला कपातीचे निमित्त मिळते. जुलैचे भाडे ५ तारखेला नेहमीप्रमाणे भरले.

डिपॉझिट

मालकाने ४०,००० पैकी १५,००० रंगकाम आणि बुरशीसाठी कापायचे म्हटले. भाडेकरूकडे चार गोष्टी होत्या: आत शिरतानाचा साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ, २२ जूनपासूनचे तारखेसह फोटो, जाळी साफ केल्याची सोसायटीची नोंद, आणि ४०,००० ची नोंदणीकृत कबुली. नोटरीचाच करार राहिला असता तर वादाची सुरुवात २५,००० वरून झाली असती.

वकिलाची नोटीस पाठवायचा विचार झाला. तिचा खर्च दीड-दोन हजार, नंतर दिवाणी न्यायालय, म्हणजे वर्षे. त्याऐवजी त्यांनी स्वतःच एक हिशोबाचा कागद केला. त्यात आपल्या बाजूचे नुकसान आधी लिहिले: सिंकचा तुटलेला नळ ६५०, भिंतीत मारलेल्या सहा खिळ्यांची पुट्टी ८००, जुलैचे वीजबिल १,३८०. छताची बुरशी ‘गच्चीची गळती, सोसायटीकडे तक्रार २२ जून’ असे लिहून शून्य. एकूण २,८३०. मालकाने साफसफाईचे ६७० आणखी मागितले, ते दिले. किल्ली देण्याच्या दिवशी ३६,५०० खात्यावर आले. पैसे जमा झाल्याचा मेसेज बघून मग किल्ली हातात दिली. हा क्रम त्यांनी आधीच कळवला होता.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात महाग पडली ती पहिल्या चार दिवसांची घाई. भांडुपच्या मालकाकडे आठवडाभराची मुदत मागितलीच नव्हती. चाळ पाडायला अजून दोन महिने होते, ती मिळाली असती.

पाण्याची चौकशी एजंटला केली आणि त्याने “चोवीस तास” म्हटले. नोव्हेंबरात ते खरेही होते. विचारायचे असते वॉचमनला, आणि प्रश्न असा: मागच्या मे महिन्यात टँकर किती आले? सोसायटीच्या हिशोबात टँकरची बिले असतात, ती मालकाला सभासद म्हणून बघता येतात.

शेवटचा मजला घ्यायचाच असेल तर गच्चीवर चढून बघायला पाच मिनिटे पुरतात: कोब्याच्या भेगा, जाळी, भिंतीलगत वाळलेल्या शेवाळाची रेघ. आणि गरम पाण्याचा नळ सुरू करून गिझर पेटतो का ते.

लॉक-इनबाबत मत वेगळे असू शकते. सहा महिन्यांमुळे टँकरच्या काळात निघता आले नाही. पण त्याच अटीमुळे शाळेच्या अर्जाच्या वेळी मालकही ‘जागा सोडा’ म्हणू शकला नाही. या कुटुंबाने पूर्वेच्या करारात ते तीन महिन्यांवर आणले.

त्या नव्या करारात आणखी तीन ओळी त्यांनी स्वतः घालून घेतल्या. टँकरचा खर्च निम्मा-निम्मा, महिन्याला कमाल ४०० भाडेकरूकडून. गळतीमुळे झालेले रंगाचे नुकसान डिपॉझिटमधून कापायचे नाही. आणि वीज मीटरचे प्रवेशाच्या दिवशीचे वाचन, आकड्यासह. मालकीणबाईंनी तिसरी ओळ वाचून विचारले, ही कशाला? त्यांना २,३४० ची गोष्ट सांगितली. त्यांनी सही केली आणि स्वतःच्या दुसऱ्या फ्लॅटच्या करारासाठी त्या तिन्ही ओळींचा फोटो काढून घेतला.